चौथं मिनिट

अण्णांच्या गोल्फच्या पिशवीत तेरा काठ्या आणि कापड मोजायचा एक लोखंडी मीटर असतो. नियमाप्रमाणे चौदा काठ्या चालतात. पण मीटर ही काठी समजायची की नाही, याबद्दल पुस्तकात काही सापडेना, म्हणून अण्णांनी नियम ठरवणाऱ्या मोठ्या कचेरीला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. येईपर्यंत आपल्या बाजूने चूक नको, म्हणून त्यांनी एक चांगली काठी घरी काढून ठेवली. याला आता बरीच वर्षं झाली. ती काठी सध्या त्यांच्या घरी छताची कोळिष्टकं काढायला वापरतात, आणि अण्णा अजून पोस्टमनकडे आशेने बघतात.

मीटर कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. चेंडू वाईट जागी पडला तर तो उचलून एक काठीभर किंवा दोन काठ्या बाजूला टाकायची गोल्फमध्ये सोय आहे. माणसं हे अंतर नजरेने मोजतात, आणि नजर नेहमी मालकाच्या बाजूची असते. अण्णांची सगळ्यात लांब काठी एक मीटर चौदा सेंटिमीटर भरते. ते गवतावर गुडघे टेकतात, मीटर आडवा ठेवतात, वर चौदा सेंटिमीटर मोजून तिथे खूण रोवतात आणि मगच उठतात. मागून येणारे खेळाडू तोवर खाली बसून घेतात.

त्यांचं पूर्ण नाव व्यंकटराव माने. वय अडुसष्ट. चिकपेटच्या एका गल्लीत त्यांचं साडीच्या फॉलचं आणि अस्तराचं ठोक दुकान आहे. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीन शतकांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावरून बेंगळुरूला आले आणि परत जायचं राहून गेलं. मी पुण्याहून वीस वर्षांपूर्वी बसने आलो आणि माझंही तेच झालं. त्यामुळे आमचं जमलं, असं म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला त्यांना त्यांच्याच मीटरने मारावंसं वाटलं होतं.

व्हाइटफील्डच्याही पलीकडे एक साधं मैदान आहे. पैसे भरा, खेळा, घरी जा. मी आणि माझा ऑफिसातला मित्र सुब्बू दर रविवारी तिथे जायचो आणि आपल्या मनाचा गोल्फ खेळायचो. अठरा खळगे, प्रत्येक खळग्यात चेंडू घालायला लागलेले फटके मोजायचे, जितके कमी तितकं चांगलं. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नवशिक्याचं स्वप्न असतं शंभराच्या आत येण्याचं. मी तर चौऱ्याण्णवला पोचलो होतो आणि ऑफिसात तसं सांगतही होतो. त्या रविवारी मैदानाच्या माणसाने एक एकटे गृहस्थ आमच्यात घातले. पांढरा इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ, पायांत नव्यासारखे जुने बूट.

मी पहिला फटका मारला. चेंडू झाडाला लागून माझ्या डोक्यावरून मागे गेला. त्यावर मी मराठीत जे बोललो ते इथे लिहीत नाही. मग आमच्या रिवाजाप्रमाणे खिशातून दुसरा चेंडू काढला. पहाटे उठून आलेल्या माणसाचा पहिला फटका कुणी मोजतं का?

मागून अतिशय अदबीने आवाज आला, "सार, शिवी चालते. पुस्तकात मनाई नाही. पण हा कितवा?"

"पहिला," मी म्हणालो.

"पहिला तिकडे मागे गेला, सार."

"बरं, दुसरा."

"तो चेंडू सोडून दिलात, त्याचा दंड एक. हा तिसरा." आणि हसून पुढे, "स्वल्प सावकाश मारा. तिसरा चांगला जातो."

तिसराही चांगला गेला नाही.

सुब्बूची वेगळी गंमत. सुब्बूशी आमचं बोलणं इंग्रजी आणि कन्नडची मिसळ असते, मी सोयीसाठी मराठीत देतो. त्याचा चेंडू खळग्यापासून हातभर राहिला की तो शेवटचा फटका न मारताच "दिला!" म्हणून उचलून खिशात टाकायचा. त्या दिवशीही टाकला.

अण्णांनी विचारलं, "कोणी दिला?"

"मीच."

"देणारे तुम्ही, घेणारेही तुम्ही?"

"मित्रांमधला खेळ आहे हो, सर. एवढं काय?"

"मित्रांमधलाच आहे. शत्रूला कोण विचारतो, कितवा म्हणून?"

त्या दिवशी माझे फटके एकशे सत्तावीस भरले. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "आज किती?" मी सांगितलं. ती मनापासून म्हणाली, "अरे वा! वाढले की!" या घरात माझ्या खेळाचं झालेलं हे एकमेव कौतुक.

पुढच्या रविवारी आम्ही अण्णांना टाळायला अर्धा तास लवकर गेलो. ते पाऊण तास लवकर आले होते.

आता वाटतं तितका हा माणूस कोरडा नाही. एकदा बायकोबरोबर चिकपेटला त्यांच्या दुकानात गेलो. तिथे वेगळेच अण्णा बसले होते. कापड मोजताना प्रत्येक मीटरच्या शेवटी चार बोटं सोडून कात्री लावत होते. "अण्णा, हे कितवं बोट?" मी चिडवलं. ते म्हणाले, "सार, दुसऱ्याला मोजताना चार बोटं जास्त. स्वतःला मोजताना अर्धं बोट नाही. सरी? बरोबर ना?" आणि बायकोला म्हणाले, "अक्का, तुमचे हे आता एकशे अठराला आलेत. खरे एकशे अठरा. लई चांगले." मला भर बाजारात, फॉलच्या ढिगासमोर, पदक मिळाल्यासारखं वाटलं.

सापाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येणार नाही. सातव्या खळग्याजवळ सुब्बूच्या चेंडूशेजारी एक नाग वेटोळं घालून बसला होता. सुब्बू काठ्यांच्या पिशव्यांच्या ढकलगाडीवर चढून रामाचा धावा करत होता. अण्णा पुस्तक चाळून म्हणाले, "धोक्याचा प्राणी. दंड नाही. चेंडू फुकट बाजूला घेता येतो." सुब्बू वरून म्हणाला, "चेंडूच नको मला!" "तसं नाही हो. हक्क आहे तुमचा." आणि अण्णा पिशवीतून मीटर काढून निघाले. नागाने फणा उचलला. अण्णा थांबले, नागाकडे बघितलं, मीटरकडे बघितलं आणि सुब्बूला म्हणाले, "इथे नजरेने मोजलं तर चालेल काय?" अण्णांनी आयुष्यात दिलेली ही एवढीच सूट, आणि ती नागाला मिळाली.

हे सगळं त्यांना शिकवलं कोणी? शारदाअक्कांनी. म्हणजे त्यांच्या पत्नीने. मी अक्कांना पाहिलेलं नाही. माझी आणि अण्णांची ओळख व्हायच्या आधीच त्या गेल्या. पण अण्णांबरोबर दोन रविवार चाललेल्या कुठल्याही माणसाला त्यांचा आवाज ओळखीचा होतो.

अक्का मल्लेश्वरमच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. डॉक्टरने अण्णांना रोज चालायला सांगितलं. अण्णा म्हणाले, कशाच्या तरी मागे चालायला सांगा, उगीच कोण चालणार? अक्कांनी विचार केला आणि अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवरून गोल्फच्या नियमांचं जुनं पुस्तक विकत आणलं. काठ्या आणायच्या नाहीत, आधी नियम पाठ व्हायला हवेत. सहा महिने या माणसाने घरात लिंबू आणि छत्रीच्या मुठीने सराव केला आणि रोज जेवणानंतर तोंडी परीक्षा दिली.

"लिंबू तुळशीवृंदावनाला टेकलं तर?"

"न हलणारा अडथळा. दंड नाही."

"सासूबाईंच्या खुर्चीखाली गेलं तर?"

"हलणारा अडथळा. खुर्ची उचलावी."

"सासूबाई बसलेल्या असतील तर?"

"मग न हलणारा."

उत्तर बरोबर होतं, पण अक्कांनी अर्धा मार्क कापला. म्हणाल्या, "मोठ्यानं बोललात. त्यांनी ऐकलं."

पुढे खऱ्या मैदानावर अक्का दर रविवारी बरोबर यायच्या. गुडघ्यांमुळे खेळता यायचं नाही, पण साडीवर कॅनव्हासचे बूट घालून, छत्री घेऊन चालायच्या. फटक्यांचा कागद त्यांच्याकडे. गोल्फमध्ये या कागदावर दोन सह्या लागतात, एक खेळणाऱ्याची, एक बघणाऱ्याची. नुसत्या मौजेच्या खेळात कोणी सही करत नाही. अक्का करायच्या, मास्तरणीच्या लाल शाईने. आणि त्यांनी कबूल केलं होतं, शंभराच्या आत आलात तर हिरव्या शाईने सही करीन. शाळेत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाच त्या हिरवी सही द्यायच्या.

अण्णा कधी शंभराच्या आत आले नाहीत. अक्का असताना एकशे चार, त्यानंतर एकदा एकशे एक. हिरवं पेन पिशवीच्या छोट्या कप्प्यात असतं. दर रविवारी खेळ सुरू करण्याआधी ते तळहातावर बारीक रेघ ओढून शाई चालते का बघतात आणि पेन परत ठेवतात. आता बघणाऱ्याची सही मी करतो, निळ्या बॉलपेनने. हिरवं पेन मला अजून हातात मिळालेलं नव्हतं. ते मिळावं असं अण्णांना किती वाटतं, हे त्यांच्या तळहाताकडे बघितलं की कळायचं. जुन्या रेघा पुरत्या धुतलेल्या नसायच्या.

अण्णांची एक सवय मात्र माझ्या डोक्यात बसत नव्हती. चेंडू झुडपात हरवला तर शोधायला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत नाही सापडला, तर तो गेला. एक फटका दंड घ्यायचा आणि आधीच्या जागी परत जाऊन नवा चेंडू मारायचा. खेळाडूने स्वतःची वेळ स्वतः बघू नये, असं अण्णांचं मत. म्हणून त्यांच्याकडचं शाळेच्या क्रीडादिनाचं जुनं स्टॉपवॉच ते माझ्या हातात देतात. मी "वेळ संपली" म्हटलं की ते म्हणतात, "गेला. दंड एक." इथपर्यंत ठीक. पण मग ते परत झुडपात शिरतात आणि आणखी दोन मिनिटं शोधतात! ज्या चेंडूचा आता काही उपयोग नाही, तो चेंडू. ती दोन मिनिटं झाली की बाहेर येतात, शर्ट झटकतात आणि मुकाट्याने मागे चालू लागतात. सुब्बू म्हणायचा, व्यापारी माणूस, चेंडू सोडवत नाही. मीही तसंच समजत होतो. पण दुसऱ्याचे सापडलेले चेंडू हा माणूस फाटकाजवळच्या टोपलीत टाकून यायचा. मग आपल्याच चेंडूवर एवढा जीव का?

आता त्या रविवारबद्दल.

सुब्बू गावाला गेला होता. मी आणि अण्णा दोघेच. सकाळपासून अण्णांचा चेंडू रुळावरून चालल्यासारखा चालला होता. सतरा खळगे झाले तेव्हा कागदावर त्र्याण्णव होते. शेवटचा खळगा सहा फटक्यांत झाला की नव्याण्णव. दोघांनीही आकडा उच्चारला नाही. मी फक्त म्हणालो, "ऊन वाढलं." ते म्हणाले, "हां."

पहिला फटका सरळ गेला. दुसरा उजवीकडे वळला आणि घाणेरीच्या झुडपात शिरला. आत जाताना दोघांनीही बघितला होता, झुडूपही फार मोठं नव्हतं. त्यामुळे हरवलाच तर म्हणून जादा चेंडू आधीच मारून ठेवायची खबरदारी अण्णांनी घेतली नाही. "समोर तर आहे," म्हणाले, आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं.

समोर काही नव्हतं. काटे, प्लास्टिकची बाटली, एक चप्पल. मिनिट गेलं. दोन गेली. अण्णा मीटरने फांद्या वर करत होते. पांढऱ्या शर्टाची बाही फाटली. मी घड्याळाकडे बघितलं. काटा तीन मिनिटांवर आला, आणि पुढे गेला.

मी गप्प राहिलो.

मला काय झालं विचारू नका. एरवी मी दुसऱ्याचा पोपट झाला की आनंदाने चहा मागवणारा माणूस. पण त्यांच्या तळहातावर सकाळची हिरवी रेघ मला दिसत होती. इथे पाहायला होतं कोण? एक मी आणि एक चप्पल.

"किती झाली, सार?" आतून आवाज आला.

"अडीच," मी म्हणालो. घड्याळात तीन वीस झाली होती.

थोड्या वेळाने परत, "किती?"

"पावणेतीन. शोधा, शोधा!"

आणि झुडपातून अण्णा असे ओरडले की समोरच्या झाडावरचे बगळे उडाले. "सापडला! हा काय, इथे आहे!"

मी पुढे धावलो. चेंडू मुळाशी होता, पण बाहेर मारता येईल असा. तिथून एक बाहेर, एक खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, दोन खळग्यापर्यंत. सहा. नव्याण्णव. मी नाचायच्या बेतात होतो.

अण्णांनी हात पुढे केला. "घड्याळ बघू."

"राहू द्या हो, आता कशाला?"

"बघू, सार."

मी ते थांबवायलाही विसरलो होतो. चार मिनिटं बारा सेकंद, तेरा, चौदा. अण्णांनी बटण दाबलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मात्र घड्याळाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, वाईटही वाटलेलं दिसत नव्हतं. दुकानात एखादा जुना ओळखीचा माणूस अचानक पायरी चढून यावा, तसं काहीतरी होतं.

"चौथं मिनिट उलटलं होतं की नाही, सापडला तेव्हा?"

"नाही. चौथं चालूच होतं," मी कबूल केलं. "अण्णा, माफ करा. पण मित्रांमधला खेळ आहे. मी कोणाला सांगणार नाही. मारा तुम्ही."

"चेंडू माझाच आहे, सार. पण खेळातला नाही आता." त्यांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि वरच्या खिशात ठेवला. "दंड एक. पुढचा कितवा?"

मला सांगणं भाग होतं. "चौथा."

ते मागे चालत गेले. चौथा चांगला बसला, पाचवा हिरवळीवर. सहावा खळग्याच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि आत डोकावून बघत बसला. आम्हीही बघत बसलो. नाही पडला. सातवा.

शंभर.

कँटीनच्या टेबलावर कॉफीचे दोन पेले आले. मी कागदावर शंभर लिहिलं, निळ्या पेनने सही केली आणि मान वर करायची हिंमत होईना. अण्णांनी खिशातला चेंडू काढून टेबलावर ठेवला. मग पिशवीतून अस्तराच्या कापडाचं कव्हर घातलेलं ते जुनं पुस्तक काढलं आणि एक पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. छापलेल्या ओळीखाली लाल शाईची रेघ होती, आणि बाजूला सुबक अक्षरांत: "शोधायला पाच मिनिटं. पुरेशी आहेत."

"पाच?" मी म्हणालो. "तीन ना?"

"पूर्वी पाच होती, सार. ती असताना पाचच होती." त्यांनी कॉफी फुंकली. "पहिली तीन मिनिटं ती शोधायचीच नाही. छत्री घेऊन उभी राहायची आणि मला बोलायची. खांदा का उचलला. आभाळाकडे काय बघता. सकाळची गोळी घेतली काय. धाकट्या भावाला फोन केला काय. सगळं. मग चौथ्या मिनिटाला छत्री उलटी धरायची, मुठीनं झुडूप बाजूला करायची, की 'हा काय, इथे आहे!' दर वेळी चौथ्या मिनिटाला."

मला बगळे उडवणारी ती आरोळी आठवली.

"ती गेली, आणि पुढच्या वर्षी नवं पुस्तक आलं. तीन मिनिटं. मी म्हटलं, बरं झालं, तिला हे कळलं नाही. तीन मिनिटांत तिचं बोलणंच झालं नसतं." अण्णा हसले. मीही हसलो. "नियम आहे, मी पाळतो. तीन म्हणजे तीन. पण वरची दोन मिनिटं कोणाच्या हिशेबात नाहीत ना? ती मी शोधतो. इतकी वर्षं शोधतोय. आज पहिल्यांदा सापडला."

त्यांनी चेंडू बोटाने थोडा फिरवला. "शंभर काय, परत कधी तरी होतील कमी."

पुढच्या रविवारी सुब्बू परत आला होता. पाचव्या खळग्याला अण्णांचा चेंडू कुंपणालगतच्या झुडपात गेला. मी घड्याळ धरलं आणि तीन मिनिटं झाल्याबरोबर, अगदी सेकंदाला, म्हणालो, "वेळ संपली."

"गेला. दंड एक," अण्णा म्हणाले, आणि मीटर घेऊन परत झुडपात शिरले.

सुब्बू कंटाळून सावलीला निघाला. मी त्याच्या पिशवीतली छत्री ओढून घेतली, झुडपापाशी जाऊन उभा राहिलो आणि घसा साफ केला.

"अहो, किती वेळा सांगायचं, खांदा उचलू नका म्हणून? आणि मारताना आभाळाकडे काय बघता? तिथे खळगा आहे?"

झुडपातला मीटर थांबला.

"सकाळची गोळी घेतली का? नाही घेतलेली. चेहऱ्यावरून कळतंय. आणि भावाला फोन करायचा होता, त्याचं काय झालं?"

सुब्बू सावलीतून माझ्याकडे बघत होता, मला ऊन लागलंय अशा नजरेने. मग फांद्या पुन्हा हळूहळू बाजूला होऊ लागल्या, आणि आतून अण्णांचा आवाज आला.

"सार."

"काय?"

"स्वल्प मोठ्यानं."